सापडेपर्यंत शोधा

शकुनचं जमलं. रविवारी, अकोल्यात, मेळाव्याच्या मांडवाबाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर पेढ्यांचा डबा ठेवून जमलं, आणि त्यातले निम्मे पेढे मी खाल्ले.

आता हे विसरा. असं काही झालेलं नाही. पेढे नाहीत, गाडी नाही, बॉनेट तर नाहीच नाही. रविवारची सकाळ आहे, माझ्या थोरल्या बहिणीचं काही एक जमलेलं नाही, आणि मांडवातल्या प्रत्येक मोबाइलवर एक पांढरं पान आहे आणि त्याच्या मधोमध एक गोल फिरतो आहे.

मी अंकुर. अमरावतीत आमची तीन माणसांची कंपनी आहे. त्यातले एक, गजेंद्रभाऊ, मालक आहेत आणि मालक काम करत नाहीत, म्हणून हिशेबाने दोन. मी आणि कहकशाँ मॅडम. मॅडम मूळच्या अकोल्याच्या, जावा भाषेत चालणाऱ्या सर्व्हरला त्या शेजारच्या म्हशीसारखं ओळखतात: कान कसा हलला यावरून पोटात काय आहे ते सांगतात.

समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची वेबसाइट आमची. नुसते फोटो आणि पगार दाखवणारी नाही. आमच्या साइटवर मुलीचं पान उघडलं की खाली एक ओळ येते: तुमचं आणि यांचं आधीचं नातं काय. वऱ्हाडात या ओळीचा मान पगाराच्या वर असतो. पोरगं आवडलं, जेवण झालं, पाहुणे उठले, आणि दारात चपला घालता घालता कोणीतरी म्हणतं, "मंग तुमची ती नांदगावची लेक कोनाकडे?" आणि दहा मिनिटांत नवरदेव नवरीचा काका निघतो. हे टळावं म्हणून समितीने तीन महिने घरोघर फिरून कोणत्या घरची लेक कोणत्या घरी दिली हे सगळं साइटवर भरून घेतलं होतं.

आता शकुनचं. शकुन तिवस्याला औषधांचं दुकान चालवते. अकोल्याचा गोपाल औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून त्या दुकानात यायचा. वर्षभर येत होता. शकुनने त्याच्याकडून खोकल्याचं इतकं औषध घेतलं की आख्ख्या तिवस्याने मिळून दहा वर्षं खोकलं तरी संपणार नाही. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे मेळाव्यात दोन्ही घरांनी अचानक भेटायचं, असं रीतसर ठरलं होतं.

अडचण होती मोठीमायची. मोठीमाय म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची, बाबांच्या थोरल्या भावाची, बायको, पार्वताबाई. आमच्या घरात लग्न तीच ठरवते, बाकीचे हजर राहतात. तीन पिढ्यांमागे आमच्या घरची एक लेक नांदगाव खंडेश्वरला दिली होती आणि तिथून पुढे एक लेक अकोल्याकडे गेली, एवढं तिला आठवत होतं. अकोल्याकडे कोणत्या घरी, ते आठवत नव्हतं.

"त्याच घरी गेली असन तं गोपाल शकुनचा भाऊ लागते," मोठीमाय म्हणाली. "मले आठवत नाई, तं मशीनले आठवू द्या. मशीन नाई म्हनलं की मी हो म्हनतो."

मशीन हो म्हणत नव्हतं आणि नाहीही म्हणत नव्हतं. शुक्रवारपासून शकुनच्या मोबाइलवर गोपालचं पान फिरत होतं. आणि गोपालच्या आईने, इंदूबाईंनी, स्पष्ट सांगितलं होतं: "चार वाजले की आमची गाडी मूर्तिजापूरले निघते. तिकडं बी एक पोरगी पाह्याची हाय. शब्द देल्ला हाय."

सकाळी साइट झकास चालली. दहाला मंदावली. अकराला थांबली. आम्ही सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. रीस्टार्ट झाला की पंधरा मिनिटं तो नव्या जावयासारखा वागायचा: हाक मारायच्या आत हजर. मग जुना व्हायचा. हाक ऐकू यायची, उठायचा नाही.

व्यासपीठावरून समितीचे अध्यक्ष महादेवराव माईकवर बोलत होते. "बंधू-भगिनींनो, आपली वेबसाइट अतिशय जोरात सुरू आहे. कृपया कोणी उघडू नये."

गजेंद्रभाऊंचं निदान तयार होतं. "मेमरी कमी पडून राह्यली. डबल घेऊन टाकू."

"दोनदा डबल केली, भाऊ," मी म्हणालो.

"मंग मांडवातलं नेट."

मंडपवाल्याने एक कूलर ओढत आणून आमच्या टेबलासमोर लावला. लॅपटॉपवर वारा सुटला. मी त्याला सांगितलं, दादा, सर्व्हर मुंबईत आहे. त्याने विचार केला आणि कूलरचं तोंड पश्चिमेकडे वळवलं.

कहकशाँ मॅडमने डबा उघडला, मेथीचा पराठा दोन घासांत संपवला आणि हात पुसले. हे त्यांचं कामाला लागणं. "अंदाज बंद. एक एक करून पाहू. अंकुर, समितीचा लोगो उघड."

उघडला. लगेच.

"नेट बरं हाय. आता संपर्काचं पान."

अडकलं.

"त्याच्यात तं काईच नाई ना? नुसता फोन नंबर?"

"नुसता नंबर."

"मंग ते कावून अडकलं?" मॅडमचे डोळे चमकायला लागले. त्यांना असं काही सापडलं की त्या लहान मुलीसारख्या दिसतात, आणि त्या लहान मुलीच्या हातात दगड असतो. "लोगो दुसरीकडून येते. नंबरचं पान सर्व्हरकडून. म्हंजे पान जड नाई. वाढपी शिल्लक नाई."

हे गजेंद्रभाऊंना समजावणं भाग होतं, कारण ते पुन्हा मेमरीकडे निघाले होते. मी म्हणालो, भाऊ, पंगत समजा. सर्व्हरकडे दोनशे वाढपी आहेत. माणूस पानावर बसला की त्याच्यामागे एक वाढपी. वाढून झालं की तो मोकळा, दुसऱ्याकडे. पण वाढपी जर एकाच ठिकाणी अडकून बसले, तर ज्याला फक्त मीठ पाहिजे तोही उपाशी.

"मंग वाढपी वाढवा."

"ते बी अडकतील. कुठी अडकले ते पाह्याचं हाय," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी डेटाबेस पाहिला. मला वाटलं होतं चोर तोच. तर डेटाबेस निवांत बसला होता, त्याला सकाळपासून कोणी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. उलट सर्व्हरचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर तापलेला. म्हणजे वाढपी कोणाची वाट पाहत उभे नव्हते, जीव तोडून पळत होते. कुठे पळत होते तेवढंच कळत नव्हतं.

"थ्रेड डंप काढतो आता," मॅडम म्हणाल्या. "पळता पळता सगळ्यायचा फोटो."

"स्टॅच्यू!" मी ओरडलो. शेजारच्या टेबलावरचा एक उपवर मुलगा खरोखरच थांबला.

एक फोटो काढला. थोडं थांबून दुसरा. मग तिसरा. एका फोटोत माणूस दारात दिसला तर तो जात असेल. तिन्ही फोटोंत दारातच दिसला तर तो तिथे राहायलाच आला आहे. आम्ही तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. दोनशे वाढपी. थोडेसे सोडले तर सगळे, तिन्ही फोटोंत, एकाच जागी. नातं शोधणाऱ्या एकाच फंक्शनमध्ये, कोडच्या त्याच पाच ओळींत.

माझ्या अंगावर काटा आला. इतक्या लोकांना एकमताने एका जागी मी फक्त लग्नातल्या आइस्क्रीमपाशी पाहिलं होतं.

"हे कोनं लिहिलं?" मॅडमने विचारलं.

"तुम्हीच," मी म्हणालो. "पण तुम्ही लिहिलं त्यात सात घरांची मर्यादा होती. सात घरं पुढे जाऊन नाही सापडलं तर 'नातं नाही' म्हणून थांबायचं. ती कुठे आहे?"

आम्ही दोघांनी एकदम गजेंद्रभाऊंकडे पाहिलं. ते कूलरकडे पाहत होते.

"गजेंद्रभाऊ."

"महादेवरावनं सांगतलं तं मी काय करू?" भाऊ उसळले. "त्याईनं एका रिटायर मोठ्या साहेबाचं नाव टाकलं. मशीन म्हने नातं नाई. दोघं एका ताटात जेवलेले मान्सं! त्याईनं मले रात्रभर झोपू देल्लं नाई. म्हने, गजेंद्र, वऱ्हाडात नातं नाई असं होतच नाई. तुह्या मशीननं नीट पाह्यलं नसन. म्हनाव त्याले, सापडेपर्यंत शोध."

"आणि तुम्ही?"

"सातची ओळ काढून टाकली. गुरुवारी. पह्यल्यांदाच कोड लिहिलं, बरं वाटलं."

मॅडमने कपाळाला हात लावला, पण त्या हसत होत्या. "मर्यादा काढली तरी कधीतरी संपलं पाहिजे ना. घरं संपतात. समितीच्या यादीत घरं किती? हजार-दोन हजार. तेवढी फिरून होतील एका पळात. मंग हे संपून कावून नाई राह्यलं?"

हा खरा प्रश्न होता, आणि दोन वाजून गेले होते. शकुन टेबलापाशी आली. तिच्या हातात आमचे दोन बुंदीचे द्रोण होते. तिने ते ठेवले नाहीत, आपटले.

"अबे हुशार. तुह्या कंपनीपायी मी कुवारी राह्यली ना, तं तुह्या घरी येऊन राहीन. जल्मभर. तुह्या बायकोच्या डोक्यावर."

"मले बायको नाही."

"ये लेका, ती होऊ बी देनार नाई."

मॅडम तिला म्हणाल्या, "शकुन, जरा फिरू नको. गोपालचं पान उघड आन तसंच राहू दे. मले एक ताजं गिऱ्हाईक पाह्यजे."

आम्ही पुन्हा रीस्टार्ट केला. मांडवातून "माह्या पोरीचा फोटो गेला!" असा एक आवाज उठला आणि बसला. या वेळी मॅडमने लॉगमध्ये एक ओळ जास्त लिहायला लावली: शोधणारा कोणत्या घरी आहे ते छापत जा. प्रत्येक घराला आमच्याकडे गाव आणि क्रमांक. शोध सोपा आहे. माझ्या घरापासून निघायचं, आमची लेक जिथे दिली त्या घरी जायचं, तिथून त्यांची लेक जिथे दिली त्या घरी, असं पुढे पुढे, मागे न वळता, समोरच्याचं घर येईपर्यंत.

शकुनने पान उघडलं. पडद्यावर घरं धावायला लागली. नांदगाव आलं. नांदगावहून अकोल्याकडची ती लेक निघाली, आणि गेली दुसऱ्याच घरी. गोपालचं नव्हे. तिथून पुढे आणखी चार-पाच घरं, आणि तो रस्ता संपला. त्या घरांनी पुढे लेक दिलीच नव्हती, नुसती पोरं.

आणि मग पडदा असा झाला:

तिवसा ४१. चांदूर १७. तिवसा ४१. चांदूर १७. तिवसा ४१. चांदूर १७.

खालपर्यंत. इतक्या वेगात की अक्षरं उभी राहिनात. दोन घरं. एकाकडून दुसरीकडे, दुसरीकडून पहिलीकडे, मिनिटाला लाखो वेळा.

"सापडलं!" मॅडम उठून उभ्या राहिल्या. खुर्ची मागे पडली. "चक्कर मारून राह्यलं! दोन घरांत अडकलं! अंकुर, हे तिवसा एकेचाळीस कोण हाय, त्याले पकड!"

मी हात वर केला.

"तू?"

"आमचं घर."

"आन चांदूर सतरा?"

"माझ्या मामाचं."

त्यांना कळेना, म्हणून मी सांगितलं. माझी आत्या चांदूरला मामाला दिली. त्याच मांडवात मामाची बहीण तिवस्याला माझ्या बाबांना दिली. ती माझी आई. लेक द्या, लेक घ्या, एका खर्चात दोन लग्नं. याला साटंलोटं म्हणतात. माझी आत्या हीच माझी मामी आहे, आणि लहानपणी मी तिच्याकडे दोनदा खाऊ मागायचो, नात्याप्रमाणे एकेकदा.

सर्व्हर आमच्या घरून निघाला, आत्याच्या घरी गेला. तिथली लेक कुठे दिली? आमच्या घरी. आमची लेक कुठे दिली? आत्याच्या घरी. आणि मागे वळायचं नाही हा नियम तो तंतोतंत पाळत होता. तो वळतच नव्हता. तो पुढेच जात होता. गुरुवारपासून माझी आत्या आणि माझी आई आळीपाळीने सासरी जात होत्या.

"एकटं तुमचंच घर नसन," मॅडम म्हणाल्या आणि बाकीच्या वाढप्यांचे रस्ते पाहिले. दर्यापूरची दोन घरं. अकोटची दोन. बाळापूरकडे तीन घरांचं एक तिकाटणं. आख्खा वऱ्हाड गोल गोल फिरत होता. "आमच्यात चुलतभावाशी लग्न होते तं लोक नाव ठेवतात. आन तुमी पाहा, कॉम्प्युटर आंधळा करून सोडला!"

"मंग आधी कावून नाई बिघडलं?" गजेंद्रभाऊंनी विचारलं. "सात होती तं हे चालत होतं."

"सातात थांबत होतं, म्हणून दिसत नव्हतं. चूक माझी पण हाय, गोल मी पकडाले पाह्यजे होता."

मला मात्र दुसरंच काही दिसलं होतं. नातं असेल तर शोध तिथेच थांबतो आणि पान उघडतं. शकुनच्या मोबाइलवरचं पान तीन दिवस फिरतंय. सगळे रस्ते संपले, उरलं आमचंच साटंलोटं. म्हणजे?

मी धावत मोठीमायपाशी गेलो. "मोठीमाय! पान उघडत नाही म्हणजेच नातं नाही! उघडलं असतं तर भाऊ निघाला असता! न उघडणं हेच शुभ आहे!"

मोठीमायने माझ्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला. "बाबू, उन्हात बसला व्हता का?"

"खरंच सांगतो."

"दार उघडलंच नाई, तं आत कोनी नाई हे मी कावून मानू? आधी दार उघड."

घड्याळात साडेतीन. इंदूबाईंचा ड्रायव्हर गाडी पुसत होता.

मी परत आलो तेव्हा मॅडम लिहीत होत्या. दुरुस्ती पाच-सहा ओळींची होती. शोधणाऱ्याच्या हातात एक आठवण द्यायची: ज्या घरी एकदा चहा घेतला, तिथं पुन्हा चहा घ्यायचा नाही. सगळ्या घरचा चहा झाला आणि तरी सापडलं नाही, तर नम्रपणे "नातं नाही" म्हणून बाहेर यायचं.

"टेस्टिंग?" गजेंद्रभाऊंनी विचारलं.

"समोर हजार लोक बसले हाय," मॅडम म्हणाल्या. "करतील."

बिल्ड सुरू झाला, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढायला लागला. टक्के सरकत होते. मी त्या टक्क्यांकडे असं पाहत होतो की कहकशाँ मॅडमने मला कोपराने ढकललं, तुझ्या पाहण्याने वेग वाढत नाही. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. शकुन मांडवाच्या दारात उभी होती, एक पाय आत, एक बाहेर, आणि मोबाइल तिने देवाच्या ताटासारखा दोन्ही हातांत धरला होता.

"चढलं!" मॅडम ओरडल्या. "रीस्टार्ट!"

सर्व्हर उठला. लॉग धावला. नांदगाव, अकोला, अकोला, चांदूर, तिवसा. तिवसा झालेलं आहे, सोडा. थांबला. सगळं पळभरात. नव्या जावयाहून चपळ.

दारातून शकुनची किंकाळी आली. अशी किंकाळी तिने बारावीच्या निकालालाही मारली नव्हती. आम्ही सगळे धावलो. मॅडम लॅपटॉप उघडाच घेऊन धावल्या. बाहेर गाडी फाटकापाशी पोचली होती, तिचं मागचं दार चालत्या गाडीत उघडलं आणि त्यातून गोपाल उतरला, म्हणजे पडला, म्हणजे पडता पडता धावला. त्याच्या मोबाइलवरही तेच पान होतं. फोटो, पगार, आणि खाली एक ओळ: नातं नाही.

"नाई म्हनते!" गोपाल मोठीमायसमोर मोबाइल नाचवत होता. "मोठीमाय, पाहा, नाई म्हनते! काईच नाई! कोनीच नाई आमी एकमेकाचे!"

इतक्या आनंदाने हे वाक्य कोणी कधी बोललं नसेल. मोठीमायने चष्मा लावला, ओळ वाचली, मग खात्रीसाठी मोबाइल उलटा करून मागेही पाहिलं.

"मंग माहं हो हाय," ती म्हणाली.

इंदूबाईंनी गाडी मागे घ्यायला लावली. मूर्तिजापूरला फोन गेला. मूर्तिजापूरकरही आमच्या साइटवर सकाळपासून अडकले होते आणि त्यांचं पान आत्ताच उघडून गोपाल त्यांच्या पोरीचा मामा निघाला होता, त्यामुळे कोणी रागावलं नाही. पेढ्यांचा डबा कुठूनसा आला. बॉनेटवर ठेवला. कहकशाँ मॅडमने पहिला पेढा लॅपटॉपला दाखवला आणि स्वतः खाल्ला. मांडवातून "उघडलं! उघडलं!" अशा आरोळ्या येत होत्या. फक्त महादेवराव माईकवर दुखावलेल्या आवाजात सांगत होते की काही ठिकाणी मशीन नातं नाही म्हणत आहे, तरी कोणी वाईट वाटून घेऊ नये, शोध सुरू आहे.

तेवढ्यात इंदूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पेढा माझ्या तोंडात होता.

"हा धाकटा का जी?"

"हो," मोठीमाय म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला ओळखीची चाहूल लागली.

"आमची चंदा हाय. बी.एस्सी. झाली. गोपालची धाकटी बहीन." इंदूबाई थांबल्या. "एकाच मांडवात दोन होतील. खर्च बी एक."

"साटंलोटं!" मोठीमायचा चेहरा उजळला. "आमच्या घरात चालतेच!"

मी घाईघाईने पेढा गिळला. "मोठीमाय, नाही जमणार. तांत्रिक अडचण आहे. पुन्हा गोल होईल. सर्व्हर बसेल. आख्ख्या वऱ्हाडाची लग्नं अडतील. मॅडमना विचारा."

सगळे मॅडमकडे वळले. मी डोळ्यांनी त्यांना जे काही सांगता येतं ते सगळं सांगितलं. मॅडमने पेढ्याचा चुरा झटकला.

"आता काई होत नाई," त्या म्हणाल्या. "कितीबी साटंलोटं करा. मी पक्कं करून ठेवलं हाय."

शकुन हसत हसत गाडीला टेकली. सोमवारी सकाळी मी अमरावतीच्या कार्यालयात पुढील अर्ज दाखल केला आहे.

प्रति, मा. गजेंद्रभाऊ, मालक. विषय: दुरुस्तीतून वैयक्तिक सूट मिळणेबाबत. महोदय, काल केलेली दुरुस्ती उत्तम असून तिच्याबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. तथापि, अर्जदाराचं नाव यापुढे कोणीही उघडल्यास केवळ त्याच्यापुरती सदर दुरुस्ती मागे घेण्यात यावी, अर्जदाराचं पान पूर्वीप्रमाणे फिरत ठेवण्यात यावं, आणि उत्तर सापडेपर्यंत किंवा अर्जदाराचं लग्नाचं वय निघून जाईपर्यंत, यांपैकी जे नंतर घडेल तोवर, अर्जदारास कोणत्याही मांडवात बोलावण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.